विश्लेषण : परभणी जिल्ह्यापेक्षा लहान मॉरिशस ‘सायबर बेट’ कसे झाले? २५ वर्षांत काय साधले, काय निसटले?

ऊस, समुद्रकिनारे आणि करसवलती यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या मॉरिशसने २००१ च्या सुमारास एक वेगळेच लक्ष्य ठरवले. देशाला ‘सायबर बेट’ करायचे, म्हणजेच आफ्रिका आणि हिंदी महासागराच्या टापूतील डिजिटल कामांचे केंद्र व्हायचे. त्यासाठी भारताने कर्ज दिले, उसाच्या शेतात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि परदेशी कंपन्याही आल्या. मे २०२५ मध्ये तेथील नव्या सरकारने २०२५ ते २०२९ या काळासाठी डिजिटल परिवर्तनाचा आणखी एक आराखडा मांडला. लोकसंख्येने आपल्या एका जिल्ह्याहून लहान असलेल्या या देशाने काय केले, त्याचे कुठे अडले आणि परभणीसारख्या जिल्ह्याने त्यातून काय घ्यावे, याविषयी…

मॉरिशस नेमके केवढे?

२०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार आहे. मॉरिशसची लोकसंख्या साधारण साडेबारा लाख. क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे जिल्ह्यातील नऊपैकी तीन तालुके एकत्र केले तर जेवढा प्रदेश होईल, जवळपास तेवढेच. सोने, तेल, कोळसा यांपैकी काहीही तिथे सापडत नाही. तरीही दरडोई उत्पन्न भारताच्या सुमारे चौपट आहे.

महाराष्ट्राशी या बेटाचे नाते जुने आहे. १८३४ पासून ब्रिटिशांनी उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी भारतातून करारबद्ध मजूर नेले. त्यात बिहार आणि तमिळ मुलखाबरोबर कोकणातील मराठी कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुटी असते, शाळांमध्ये मराठी शिकवली जाते. एप्रिल २०२३ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते तिथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले होते.

ऊस सोडून संगणकाकडे का वळावे लागले?

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्या निर्यातीत साखरेचा वाटा ९० टक्क्यांहून अधिक होता. एक वादळ आले किंवा जगात साखरेचा भाव पडला, की अख्खा देश अडचणीत. पुढे नोबेल मिळालेले ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच या देशाच्या भवितव्याबद्दल निराशेचा सूर लावला होता. लोकसंख्या वेगाने वाढत होती आणि रोजगार एकाच पिकावर टांगलेला होता.

पहिली पायरी १९७० मध्ये पडली. निर्यातीसाठी उत्पादन करणाऱ्या कारखान्यांना सवलती देणारा कायदा झाला आणि कपड्यांचे कारखाने उभे राहिले. त्यानंतर पर्यटन आले, मग वित्तसेवा आल्या. मात्र साखर आणि कापड या दोन्ही आधारांना मुदत होती. युरोपीय संघ मॉरिशसची साखर ठरलेल्या चढ्या भावाने घेत असे. २००६ पासून तो भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी कमी करण्यात आला आणि २००९ मध्ये ती व्यवस्थाच संपली. कापडाच्या जागतिक व्यापारातील देशनिहाय कोटा पद्धत १ जानेवारी २००५ रोजी रद्द झाली आणि चीन, बांगलादेश यांच्याशी थेट स्पर्धा सुरू झाली.

इथे एक बाब महत्त्वाची आहे. ‘सायबर बेट’ हे धोरण २००१ चे, तर साखर आणि कापडाचा फटका त्यानंतर चार-पाच वर्षांनी बसला. जुने पीक अजून पैसे देत होते, तेव्हाच पुढच्या पिकाची पेरणी झाली होती.

सुरुवात कशी झाली?

राजधानी पोर्ट लुईसच्या दक्षिणेला साधारण १५ किलोमीटरवर एबेन नावाचा परिसर आहे. तिथे ऊस उभा असायचा. मॉरिशस विद्यापीठ जवळच असल्याने सरकारने ‘सायबर सिटी’साठी हीच जागा निवडली. भारताने या प्रकल्पासाठी १० कोटी डॉलरची कर्जमर्यादा दिली. २००१ मध्येच माहिती व संदेशवहन तंत्रज्ञानाचा स्वतंत्र कायदा झाला आणि या क्षेत्रासाठी नियामक संस्था स्थापन झाली. पुढे अॅक्सेंचर, इन्फोसिस यांसारख्या कंपन्यांनी बेटावर केंद्रे उघडली.

सुरुवातीचे काम मात्र साधे होते. फ्रान्समधील मोबाइल कंपनीचा किंवा बँकेचा ग्राहक तक्रारीसाठी फोन लावायचा आणि तो एबेनमध्ये उचलला जायचा. मॉरिशसवर आधी फ्रेंचांची आणि १८१० पासून ब्रिटिशांची सत्ता होती. त्यामुळे कारभार इंग्रजीत, वर्तमानपत्रे फ्रेंचमध्ये आणि घरात क्रिओल, असा तिथला रिवाज आहे. सामान्य पदवीधराला इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही येतात. घड्याळही सोयीचे. मॉरिशस भारताच्या दीड तास मागे आणि पॅरिसच्या दोन ते तीन तास पुढे आहे. बेंगळूरु किंवा पुण्याला अमेरिकेसाठी रात्रपाळी करावी लागते, तशी गरज एबेनला फारशी पडत नाही.

समुद्राखालची केबल एवढी महत्त्वाची का?

इंटरनेट आकाशातून येते असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात देशादेशांतील बहुतेक सगळी माहिती समुद्राच्या तळाशी टाकलेल्या ऑप्टिकल फायबर केबलमधून जाते. या काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावतो. मॉरिशसहून युरोपला जाणारा केबलचा मार्ग १५ हजार किलोमीटरचा धरला, तरी संदेश जाऊन परत यायला सेकंदाचा सातवा हिस्साही पुरेसा नाही, एवढाच काय तो फरक. म्हणजे जेमतेम दीडशे मिलिसेकंद लागतात. फोनवरच्या संभाषणात तेवढा उशीर खपून जातो. म्हणजे अंतर ही मोठी अडचण नाही. केबल किती आहेत, ही आहे.

एकच केबल असेल आणि जहाजाच्या नांगराने ती तुटली, तर दुरुस्तीचे खास जहाज पोहोचेपर्यंत दिवस जातात. तोवर कॉल सेंटर बंद, बँक बंद, विमानाचे बुकिंग बंद. असा धोका असलेल्या ठिकाणी कोणतीही मोठी कंपनी काम देत नाही.

मॉरिशसने हे टप्प्याटप्प्याने सोडवले. २००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेला मलेशियाशी जोडणारी ‘सेफ’ केबल आली. ती आपल्या कोचीलाही येते. २००९ मध्ये मादागास्कर आणि रियुनियन या शेजारी बेटांना जोडणारी ‘लायन’ केबल झाली. २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेकडे जाणारी ‘मेटिस’ केबल सुरू झाली. त्याआधी, २०१९ मध्ये, देशाचाच भाग असलेल्या पण सुमारे ६०० किलोमीटर दूर असलेल्या रॉड्रिग्ज बेटालाही केबलने जोडण्यात आले. देशांतर्गत घरोघरी फायबर पोहोचवण्याच्या कामातही मॉरिशस आफ्रिकेत आघाडीवर राहिला.

नेटवर्कच्या भाषेत याला पर्यायी मार्ग म्हणतात. एक रस्ता बंद झाला, तर वाहतूक दुसऱ्या रस्त्याने वळते. गंगाखेडचा पूल बंद पडला तर पलीकडे जायला दुसरा रस्ता हवा, तसेच हे.

फक्त करसवलतींमुळे कंपन्या आल्या का?

करसवलतींचा वाटा मोठा आहे, हे नाकारता येत नाही. मॉरिशसने २००७ मध्ये कंपन्यांसाठी सरसकट १५ टक्के कर ठेवला. त्याही आधी, १९८२ मध्ये भारताशी दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार झाला होता. त्यानुसार मॉरिशसमधील कंपनीने भारतातील समभाग विकून नफा कमावला, तर त्यावर कर लावण्याचा अधिकार मॉरिशसकडे होता, आणि मॉरिशस असा कर लावतच नव्हता. परिणामी भारतात येणाऱ्या परदेशी गुंतवणुकीत हे छोटे बेट अनेक वर्षे पहिल्या क्रमांकावर होते. मे २०१६ मध्ये करारात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या समभागांवर भारतात कर लागू झाला. कागदोपत्री कंपन्यांवरचा पैसा आटणार, हे स्पष्ट झाल्यावर प्रत्यक्ष काम देणारे डिजिटल क्षेत्र देशासाठी आणखी महत्त्वाचे ठरले.

कराइतकाच उपयोग कायद्याचा झाला. न्यायव्यवस्थेत इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही परंपरा आहेत आणि शेवटचे अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते. परदेशी कंपनीला वाद झाल्यास निकाल कसा लागेल, याचा अंदाज असतो. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा पहिला कायदा तिथे २००४ मध्ये झाला. २०१७ मध्ये तो नव्याने करून जानेवारी २०१८ पासून लागू केला गेला. त्यानंतर चारच महिन्यांनी, मे २०१८ मध्ये, युरोपचा कडक माहिती संरक्षण कायदा अमलात आला. युरोपच्या ग्राहकांची माहिती हाताळणाऱ्या देशाने वेळेआधी तयारी केली होती. भारताच्या संसदेने असा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केला.

मग विश्वासाला तडा कुठे गेला?

डिजिटल केंद्र होऊ पाहणारा देश खरे तर विश्वास विकत असतो. ‘तुमची माहिती आमच्याकडे सुरक्षित राहील आणि आमचे नेटवर्क सुरू राहील’, हा त्याचा माल. गेल्या काही वर्षांत मॉरिशसच्या या मालावरच डाग पडले.

फेब्रुवारी २०२० मध्ये काळ्या पैशावर लक्ष ठेवणाऱ्या ‘एफएटीएफ’ या जागतिक संस्थेने मॉरिशसला ‘करड्या यादी’त टाकले. सुधारणा करून ऑक्टोबर २०२१ मध्ये तो यादीतून बाहेर पडला. एप्रिल २०२१ मध्ये तेथील दूरसंचार नियामकाने समाजमाध्यमांवरील सगळी वाहतूक सरकारी यंत्रणेतून नेण्याचा आणि तिचे कूटबंधन उघडून तपासण्याचा प्रस्ताव चर्चेसाठी मांडला. गूगल आणि मोझिला यांच्यासह अनेकांनी विरोध केल्यावर तो बारगळला.

२०२२ मध्ये वाद थेट केबलपर्यंत पोहोचला. मॉरिशस टेलिकॉमचे मुख्य कार्यकारी अधिकारी शेरी सिंग यांनी राजीनामा दिला. ‘सेफ’ केबल जिथे किनाऱ्याला लागते त्या केंद्रात बाहेरच्या पथकाला प्रवेश देण्यासाठी पंतप्रधानांनी आपल्यावर दबाव आणला, असा आरोप त्यांनी केला. हे पथक भारतीय होते. तत्कालीन पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांनी माहिती चोरून वाचल्याचा आरोप फेटाळला. सुरक्षेच्या दृष्टीने केवळ पाहणी झाली, असे त्यांचे म्हणणे होते.

सर्वांत मोठा प्रसंग २०२४ चा. निवडणुकीच्या तोंडावर राजकारणी, पत्रकार, वकील आदींच्या फोन संभाषणांच्या ध्वनिफिती समाजमाध्यमांवर फुटू लागल्या. १ नोव्हेंबरला नियामकाने ११ नोव्हेंबरपर्यंत सगळी समाजमाध्यमे बंद करण्याचा आदेश काढला. टीकेची झोड उठताच दुसऱ्याच दिवशी तो मागे घ्यावा लागला. १० नोव्हेंबरला मतदान झाले आणि नवीन रामगुलाम यांच्या आघाडीने निवडून द्यायच्या ६२ पैकी ६० जागा जिंकल्या. पराभवाला महागाईसह इतर कारणेही होती. पण ‘सायबर बेटा’वर सरकारच इंटरनेटची कळ बंद करू शकते, हे जगाने पाहिले.

एस्टोनियाचे उदाहरण इथे उपयोगी आहे. त्याचीही लोकसंख्या १३ लाखांच्या आसपास. २००७ मध्ये तिथल्या सरकारी आणि बँकांच्या संकेतस्थळांवर मोठे सायबर हल्ले झाले. एस्टोनियाने त्यानंतर सुरक्षाव्यवस्था नव्याने बांधली आणि महत्त्वाच्या सरकारी नोंदींची प्रत लक्झेंबर्गमध्ये ठेवली. तडा गेल्यावर तो उघडपणे भरून काढणे, हाही विश्वास मिळवण्याचाच मार्ग असतो.

माणसे कुठून आणायची?

लहान देशाची खरी मर्यादा ही आहे. मॉरिशसच्या माहिती तंत्रज्ञान आणि कॉल सेंटर क्षेत्रात सुमारे ३० हजार लोक काम करतात. आपल्या एकट्या हिंजवडीतील हा आकडा लाखांच्या घरात आहे. एखाद्या कंपनीने एकदम दोन हजार प्रोग्रामर मागितले, तर मॉरिशस ते उभे करू शकत नाही.

शिक्षणावर खर्च झालेला नाही असे नाही. माध्यमिक शिक्षण १९७७ पासून मोफत आहे आणि २०१९ पासून सरकारी विद्यापीठांत पहिल्या पदवीचे शुल्कही माफ आहे. मात्र जन्मदर घटला आहे, लोकसंख्या वाढायची थांबली आहे आणि शिकलेले तरुण फ्रान्स, कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे जातात. दुसरीकडे स्वस्त कामासाठी फ्रेंच बोलणारे मादागास्कर स्पर्धेत उतरले आहे. नैरोबी आणि किगाली ही आफ्रिकेतील शहरेही स्वतःला तंत्रज्ञानाचे केंद्र म्हणवतात.

त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली. ग्राहकाच्या ठरावीक प्रश्नांना ठरावीक उत्तरे देणे हे काम यंत्र सहज करू लागले आहे, आणि एबेनचा पाया अशाच कामावर रचला गेला होता. मॉरिशसने २०१८ मध्येच कृत्रिम बुद्धिमत्तेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले होते. धोरण लवकर आले, पण ते राबवायला लागणारे तज्ज्ञ मनुष्यबळ तेवढ्या वेगाने तयार झाले नाही, ही तिथली कोंडी आहे.

भारताचा यात काय फायदा?

मॉरिशस हे भारतासाठी आफ्रिकेचे दार आहे. दोन देशांतील व्यापक आर्थिक करार १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला. आफ्रिकेतील देशाशी भारताने केलेला असा तो पहिलाच करार. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी मॉरिशसमध्ये यूपीआय आणि रुपे कार्ड सेवा सुरू झाली. भारतीय पर्यटक तिथे क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देऊ शकतो. तेथील बँकाही रुपे कार्ड देऊ शकतात.

भारतीय कंपन्यांना फ्रेंच भाषक आफ्रिकेत शिरण्यासाठी भाषा आणि कायदा जाणणारा भागीदार मिळतो. मॉरिशसला भारतातील कुशल मनुष्यबळ मिळते. मार्च २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी तेथील राष्ट्रीय दिनाला प्रमुख पाहुणे होते, तेव्हाच्या चर्चेतही डिजिटल सहकार्याचा विषय होता.

परभणीने यातून काय घ्यावे?

जिल्हा म्हणजे देश नव्हे. परभणीला स्वतःचा करकायदा करता येत नाही, परराष्ट्र करारही करता येत नाहीत. तरी प्रश्न सारखा आहे. दरवर्षी इथले अभियंते पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसतात आणि त्यातले थोडेच परत येतात. ‘इथे आयटी पार्क करा’ ही मागणी मराठवाड्यातील अनेक शहरांत होते. मॉरिशसचा अनुभव सांगतो की इमारत हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे.

पहिली बाब जोडणीची. भारतनेट योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचे काम सुरू आहे. पण फायबर पोहोचणे आणि ते वर्षभर अखंड चालणे यात फरक आहे. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली किंवा वीज गेली, की घरून काम करणाऱ्याचा दिवस वाया जातो. पर्यायी मार्ग आणि दुरुस्तीची ठरलेली मुदत या दोन गोष्टींशिवाय बाहेरची कंपनी काम देणार नाही. तणावाच्या काळात इंटरनेट बंद करण्याचे आदेश आपल्याकडेही निघतात. त्याचा हिशेब गुंतवणूकदार करतोच.

दुसरी बाब स्वतःची खासियत ओळखण्याची. मॉरिशसने बेंगळूरुची नक्कल केली नाही. फ्रेंच भाषा हे आपल्याजवळचे भांडवल त्याने वापरले. परभणीकडे शेतीचे ज्ञान आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेले वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ इथे आहे. ड्रोन, रोबोट आणि स्वयंचलित यंत्रांच्या डिजिटल शेतीतील वापरावर राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून या विद्यापीठात कामही झाले आहे. कापूस आणि सोयाबीनवरील किडीचा मोबाइलवरील फोटोवरून अंदाज, कोरडवाहू शेतीसाठी पावसाचा आणि पीकविम्याचा हिशेब, मराठीतून शेतकऱ्याला सल्ला देणारी यंत्रणा, ही कामे हिंजवडीत बसून जमणारी नाहीत. त्यासाठी लागणारी शेते आणि शेतकरी इथे आहेत.

तिसरी बाब वेळेची. एबेनची पायाभरणी झाल्यापासून पाव शतक लोटले, सरकारे अनेकदा बदलली, पण मूळ दिशा कुणी सोडली नाही. आपल्याकडे एका आमदाराची घोषणा पुढच्या निवडणुकीपर्यंतही टिकत नाही.

आता लक्ष कशाकडे?

मॉरिशसच्या नव्या आराखड्याची कसोटी तीन ठिकाणी लागेल. पाळत आणि फोन टॅपिंगबद्दलचे कायदे नवे सरकार खरोखर बदलते का, कॉल सेंटरमधील कर्मचाऱ्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळातील कामासाठी वेळेत प्रशिक्षण मिळते का, आणि परदेशी तज्ज्ञांना सामावून घेण्याची तयारी देश दाखवतो का. यातील शेवटचा मुद्दा भारतीय अभियंत्यांसाठी संधीचा आहे. इंग्रजीबरोबर फ्रेंच येणाऱ्या, सायबर सुरक्षा किंवा वित्तीय तंत्रज्ञान शिकलेल्या उमेदवाराला तिथे मागणी राहील. परभणीतील महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाला फ्रेंचचा एखादा वर्ग सुरू केला, तरी त्यासाठी आयटी पार्कची वाट पाहावी लागणार नाही.